नळ बंद आहे

ओटेंगने अँपचा स्टँडबाय वर केला
की आई मागच्या दारातून येते, हातात ओलं फडकं:
"नळ कोणी उघडा टाकलाय?"
नळ बंद आहे, आई.
आमच्या गल्लीत पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी.
आज रविवार.
हा गेन आहे. नऊवर.

फ्रान्सिसटाउनच्या बेचाळीस अंशांत
आमच्या कातडी पँटींकडे ती जशी बघते
तशीच अँपकडे बघते, आणि जाते.

दोन रिफच्या मधे एक फट असते,
तिथे चौघांनी एकदम थांबायचं.
तिथे शूऽऽऽ.
मी काठ्या हवेत धरून बसलेला
आणि त्यांच्यावर कुणीतरी
बारीक वाळू ओततंय, ओततंय.

गोफाओने म्हणाला, नॉइज गेट घे.
घेतलं. दोन पगार साठवून, गाबोरोनेहून बसने मागवून.
गिटारच्या लगेच पुढे लावलं.
गिटार गप्प झाली.
वाळू चालूच.

मग म्मा सेलोइल्वे आल्या.
रेल्वेच्या वायरलेसमध्ये तीस वर्षं,
डाव्या कानाने कमी ऐकतात, उजव्याने जरा जास्तच.
गिटारचा जॅक उपटला, तरी शूऽऽ.
"घूंऽऽ असतं ना, ते भिंतीतून येतं. तारेतून, ट्यूबलाइटमधून.
हे पोटातलं आहे.
तुम्ही फाटक रस्त्यावर बसवलंत,
चोर आत जेवायला बसलाय."

अँप बंद केला. प्लग काढला.
"बंद केला म्हणून मेला असं नाही," म्हणाल्या,
आणि आतली उरलेली वीज
एका जाड रेझिस्टरवरून सावकाश उतरवली,
दुसरा हात पूर्ण वेळ स्कर्टच्या खिशात.
गॅरेजमध्ये इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

पहिला व्हॉल्व्ह बदलला.
"हा जे कुजबुजतो
ते पुढचे तिघे ओरडून सांगतात.
म्हणून साफ करायचा तो हाच."
त्याच्याजवळचा जुना तपकिरी रेझिस्टर काढून
निळा बसवला, धातूच्या पापुद्र्याचा,
किंमत एका पावाहून कमी.
गेट उचललं, प्रीअँपच्या मागे नेलं, लूपमध्ये.
"आणि आता हा नऊ, पाच कर."

ओटेंगचा चेहरा असा
की जणू मिशी उतरवायला सांगितली.
पाचवर वाजवलं.
कुणी काही बोललं नाही.
रिफ जाड होती तेवढीच होती,
फक्त आता तिला कडा होत्या.

फट आली. चौघे थांबलो.
काहीच नाही.
काठ्यांचं वजन कळलं.

पण शेवटचा सूर, जो ओटेंग बोटाने वाकवून
विझेपर्यंत धरतो, डोळे मिटून,
गेटने मधेच कापला. खटकन.
दार बोटावर आपटावं तसा.
म्मा सेलोइल्वेंनी उंबरठा खाली घेतला, केसभर,
पुन्हा केसभर.
सूर पूर्ण गेला, आणि त्याच्या मागोमाग
थोडीशी वाळू.
"एवढं राहणार. गरम आहे ते सगळं थोडं बोलतंच."
पैसे घेतले नाहीत. थंड जिंजर बिअर घेतली, दोन.

आठवड्यानंतर, गाणं अर्ध्यावर, फटीत,
शूऽऽऽ.
सगळे अँपकडे वळले.
ओटेंगने स्टँडबाय पाडला.
शूऽऽऽ.
मेन बंद.
शूऽऽऽ, मधेच एक गुळणी, पुन्हा शूऽऽ.
गोफाओने शिवी हासडली, गुडघे टेकून केबली तपासू लागला.

अंगणातून आई ओरडली,
बादली आधीच लावलेली:
"अरे, रविवारचं पाणी आलंय!
या की, ड्रम घेऊन या!"

मी स्टुलावरून उठलो.
कोणता ड्रम, ते विचारलं नाही.