तीनवर बारा

शिरगावच्या जत्रेतल्या जीपमधून ती निघाली,
अंगठ्याएवढी. पाठीवर छापलेलं: तीन व्होल्ट.
होडी फोंडूनं केली,
पाइप चिरून, चुलीवर मऊ करून.
पंखा पावडरच्या डब्याच्या पत्र्याचा,
दांडा म्हणजे सायकलची आरी,
बॉलपेनच्या रिकाम्या कांडीत ग्रीस भरून बसवलेली.

तीनवर ती चालली.
म्हणजे, चालली असं आम्हीच म्हटलं.
पाण्यात पडलेलं फणसाचं पान तिच्यापुढे गेलं.

वजनकाट्याची कचेरी भंगारात निघाली तेव्हा
एक लॅपटॉप आमच्या वाट्याला आला.
त्याच्या पोटातले तीन सेल एकापाठी एक जोडले:
बारा, आणि वर थोडे.

साखळीला कायतान मेस्त पंपांच्या मोटरी गुंडाळतो.
त्याला विचारलं.
"तीनवर बारा देशील तर तिचेच बारा वाजतील,"
म्हणाला, आणि तार गुंडाळत राहिला.
आम्ही उठलो तेव्हा, मान न वळवता:
"पण किती वेळ चालवणार, ते नाही सांगितलंस."
मग ड्रॉवरमधून तांब्याची बारीक नळी काढली, जुन्या फ्रिजची,
मोटरभोवती तीन वेढे दिले,
पुढून पाणी आत, मागून बाहेर.
"वीस सेकंद. उपरांत तिका स्वास घेवंक दी."

खाण बंद होऊन आठ पावसाळे झाले होते.
खंदकात पाणी चढलेलं, वर हिरवं,
हात घातला की तांबडं.
बाबा तिथे आले, न सांगता.
खाण बंद झाल्यापासून ते न सांगताच येत-जात.

त्यांच्या टिपरच्या दारावर भार लिहिलेला: दहा टन.
काट्यावर चौदा दिसायचे, कागदावर दहा.
पाटे तुटायचे, बाबा पाटे बदलायचे.
सहा वर्षं तो हाच चढ चौदा घेऊन चढला.
आता घराच्या कडेला चार ओंडक्यांवर उभा आहे,
टायर विकले,
केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालतात.

होडीला तंगूस बांधली. वायर जोडली.
आवाज आधी आला, बघतो तर होडी जागेवर नाही.
मोटर कसली, दाताखाली पत्रा धरून
कुणीतरी शीळ घालतंय.
नाक वर, मागे पाण्याची शेपटी,
नळीतून बारीक धार, मुतणाऱ्या पोराच्या ऐटीत.
फोंडू ओरडायचं विसरला.
बाबा मोजत होते, आवाज न करता, ओठांनी.
अठरापर्यंत मी त्यांचे ओठ वाचले.

मग शेवाळ.
पंखा अडकला, शीळ तुटली,
सेल मात्र देतच राहिले, बारा, बारा,
मी तंगूस ओढत होतो
आणि होडीच्या आधी वास किनाऱ्याला लागला,
जळक्या वार्निशचा.

कागदावर उघडून ठेवली.
ब्रश गळालेले, तीन वेटोळ्यांतलं एक कोळसा.
फोंडू म्हणाला, बारा जास्तच होते.
बाबांनी ती उचलली, नाकाशी धरली.
"धावत होती तोवर काही नव्हतं," म्हणाले,
"अडली, तेव्हा गेली."
जरा वेळानं, कुणी न विचारता:
"बारा जास्तच होते, तेही खरं."

सकाळी उठलो तर टिपरचं बॉनेट उघडं,
कोंबड्या अंगणात, चिडलेल्या.
बाबांचे हात कोपरापर्यंत काळे
आणि हातात वायपरची मोटर, नारळाएवढी.
तिच्यावर होडी चालत नाही,
ती पाण्यात नांगरासारखी बसेल,
एवढं मला तेव्हाही कळत होतं.
अंगठ्यानं त्यांनी पाटी पुसली, उजेडाकडे धरली.
"हिच्यावर चोवीस लिहिलंय.
किती द्यायचे?"