तळ

पाच हिवाळे ते घोंगडं भिजत पडलं होतं,
अक्षरशः:
पिकअपच्या तळाला करडं कार्पेट,
त्याखाली दोन बोटं नमदा,
आणि नमद्यात मुरलेलं विनिपेग सरोवर.

जानेवारीत गोठल्या पाण्यावर गाडी नेतो आम्ही,
बर्फाला भोक पाडून जाळी ओढतो.
बुटांना लागून येतं ते सगळं आत वितळतं,
वर रस्त्यावरचं मीठ.
मे महिन्यात काचा खाली केल्या
की गिम्लीच्या पंपावरचा पोरगा
श्वास रोखून सुटे पैसे द्यायचा.
विकून टाक, सिगुर्योन म्हणाला.
माझा भाऊ. ब्रँडनला असतो.
त्याच्या गाडीत सफरचंद खायलाही बंदी आहे.

आज सकाळी सीट काढल्या.
आठ बोल्ट. सात निघाले,
आठव्याचं डोकं तेवढं पान्यात आलं.
बाबा माशांच्या बादलीवर बसून
आधी काय करायचं ते नंतर सांगत होते.
मी ओरडून उत्तरं दिली,
मग नुसती मान हलवू लागले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानातलं मशीन हरवलं.
हरवलं, असं ते म्हणतात.
फेकलंत, असं मी म्हणायचे.
माझं ऐकायला नको म्हणून बर्फाच्या भोकात टाकलंत,
आता खालचे मासे ऐकतायत.
तेव्हापासून या गाडीत
एक तर आरडाओरडा, नाही तर गप्प.

कार्पेट सोललं,
मोठ्या माशाची कातडी ओढावी तसं,
शेपटीकडून, चरचरत.
खाली खवले, शेकड्यांनी, अजून चमकणारे.
डॉलरचं नाणं, त्यावरचा पक्षी हिरवा पडलेला.
आईची केसांची पिन
(आई या गाडीत बसली त्याला नऊ वर्षं झाली).
गंजाचं एक भोक, त्यातून अंगणातली खडी दिसत होती.
आणि सीटच्या पट्टीखाली, नमद्यात रुतलेलं,
शेंगदाण्याएवढं,
कातडीच्या रंगाचं.

जीन्सला पुसून मी ते बाबांच्या तळहातावर ठेवलं.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
वादात जिंकलेला माणूस
इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता.
चुकलं, म्हणाले मी. हळूच.
मोठ्यानं म्हणायला हवं होतं,
पण पलीकडे गुड्नी कपडे वाळत घालत होती.

भोकावर पत्रा ठोकला, गंजावर रंग मारला.
काळं विनाइल उन्हात टाकलं, जरा मऊ पडायला,
त्यावर जुनं कार्पेट ठेवून खडूनं कड काढू लागले
तेव्हा बाबा बादलीवरून उठलेच:
पालथं! दोन्ही पालथी!
बरोबर होतं. नाही तर डाव्याचं उजवं झालं असतं.
गिअरच्या उंचवट्याशी एक घडी पडली,
ती काही केल्या बसेना. राहू दे म्हटलं.
ड्रायव्हरच्या बाजूला कार्पेटला एक खळगा होता,
आधी त्यांच्या टाचेचा, मग त्यातच माझ्या.
विनाइल टाचेला दाद देत नाही.
पाणी मारा, पुसा, संपलं.

संध्याकाळी हेक्लाच्या बाजूला चक्कर मारली.
नमदा गेला, तशी रस्त्याला वाचा फुटली.
एकेक खडा खालून येऊन वाजत होता,
रेडिओवर बातम्या होत्या का गाणी, कळेना.
फार आवाज होतोय, मी ओरडले,
खाली परत काहीतरी घालायला लागेल!

बाबांचं लक्षच नव्हतं.
बूट काढून, मोजे बुटांत कोंबून
त्यांनी दोन्ही तळपाय काळ्या विनाइलवर टेकले होते.
डोळे मिटलेले.
मागचं उजवं चाक, ते म्हणाले.
बेअरिंग जातंय.

मी रेडिओ बंद केला, काच खाली केली,
मान बाहेर काढली.
मला काहीच ऐकू आलं नाही.