कापलेली स्ट्रिप

केप्याच्या बाजारात, बस स्टँडसमोर,
माझ्या फार्मसीच्या काउंटरवर
जूनपासून एक निळी फाईल पडून आहे.
सांध्यांवरची ती नवी गोळी घेऊन कोणाला काय होते,
ते टिपायचे. चाळीस माणसे हवीत.
मिळाली अकरा.

मडगावच्या प्रशिक्षणात सांगितले होते :
आग्रह नको. भीती नको. "तुमची मर्जी" म्हणावे.
स्लाइडवरचा पेशंट खुर्चीत बसला होता,
पुढ्यात पाण्याचा ग्लास.

इथे उभी इनासिना.
एका हातात सुंगटांची गळकी पिशवी,
दुसऱ्यात सुटे पैसे,
आणि बस सुटायला चार मिनिटे.
सोळा पानांचे संमतीपत्र
मी चार मिनिटांत कुठून सुरू करू?
"पयशे मेळटले?"
नाही, म्हटले.
"म्हणजे दुखणे माझे आणि हिशेबही मीच द्यायचा!"
मागे रांगेतला सोयरू वेळीप हसला.
मग मीही.

डॉक्टरकडे जाताना माणूस धुतलेला शर्ट घालतो
आणि "बरें आसा" म्हणून येतो.
मला सांगतात ते असेच,
बटवा चाचपताना, शेजाऱ्याचे सांगावे तसे.
सोयरूने सांगितले :
काजूच्या बागेत उभा होतो, झाड माझ्याभोवती फिरून गेले.
फॉर्मवर भोवळीसाठी चौकोन आहे.
झाडासाठी नाही.

तो बारावा.
त्याच्या पानावर एक रकाना रिकामाच राहिला, बॅच नंबर.
खिशातून त्याने स्ट्रिप काढली. चार गोळ्यांची,
कडेला माझ्याच कात्रीची वाकडी रेघ.
नंबर उरलेल्या सहा गोळ्यांवर होता.
त्या गेल्या कोणाकडे तरी.

वीस वर्षे कापून देत आले.
दहा गोळ्यांचे पैसे एकदम कोण देतो?
मला वाटायचे, ही माझी माया.
आणि तिकडे कितीतरी पुरळ, मळमळी, रात्रीची धडधड
बिननावाची हिंडत राहिली.

आता पाकिटावर बॉलपेनने नंबर लिहिते.
सुनील म्हणतो, गिऱ्हाईक खोळंबते.
खोळंबू दे.

परवा मंगळवारी इनासिना आली, पिशवीशिवाय.
फाईलचे मी काही काढले नाही.
तिने घागऱ्याची कड चार बोटे उचलली.
घोट्यावर बोट दाबून दाखवले,
खळगा पडला तो पडलाच.
म्हणाली, "बरय."

मी बेळगावची. लग्नानंतर कितीतरी वर्षे
कोकणीतला हा 'लिही'
मला 'बरं आहे' असाच ऐकू यायचा.

काणकोणची बस हॉर्न देऊन निघून गेली.
तिने वळून पाहिले नाही.
मी पेनाचे टोपण काढले.
दोन्ही पाय, म्हणाली. डावा जास्त.