खीळ

तीस वर्षं या गाडीनं मीठ वाहिलं,
फुझेताच्या मिठागरांतून तावीराच्या बाजारात.
चौकोनी पाठीची रेनो, कधीकाळी निळी,
मागचं दार वर उघडणारं.
उघडणारं म्हणजे, उघडायचं.
नऊ वर्षं झाली, हलत नाही.
सगळं पुढच्या सीटवरून आत ढकलायचं,
भोपळे, दोरखंड,
एकदा तर अख्खी शिडी.

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय
ते या दोन बिजागऱ्यांना विचारा.

बाप उलट्या क्रेटवर बसलाय.
अदेरितु, वय ब्याऐंशी, गुडघ्यावर टोपी.
मला शिकवतोय हातोडी कशी धरायची.
सव्वीस वर्षं मी बोटींची इंजिनं उघडते.
"अशी?" मी विचारते.
"अशी," तो म्हणतो, खूश होऊन.

दोन रात्री तेल मुरवलं.
आज सकाळी ब्लोटॉर्चची निळी जीभ,
पाव मिनिट, जास्त नाही,
काचेचं रबर वीतभर अंतरावर, मध्ये ओलं फडकं.
मग पंच टेकवून ठोका.
हात कोपरापर्यंत झिणझिणला,
गाडी हलली,
खीळ नाही.
"बिजागरी म्हणजे लग्नासारखं असतं," बाप सुरू झाला.
म्हटलं, उपमा नको, मोठी हातोडी दे.

डावी अकराव्या ठोक्याला 'च्' म्हणाली.
नखभर बाहेर आली, तपकिरी भुकटी सांडत,
पक्कडीत धरून पिळली तेव्हा
हट्टी दाढेसारखी आली, मुळासकट.
मध्ये झिजून काडी झालेली.
एवढ्याशा लोखंडाच्या भरवशावर
एवढं दार.

उजवी येईना.
तिला ड्रिल लावलं, सावकाश, थेंब थेंब तेल सोडत,
आणि टोकावरून किस निघाला तो
काळा नाही, तपकिरी नाही.
तांबूस. ताजा. चमकणारा.

मी ड्रिल थांबवलं.
कुठल्याच कारखान्यात
मोटारीच्या बिजागरीत तांबं घालत नाहीत.
बाप समुद्राकडे बघत होता.
समुद्र त्या बाजूला नाही.
त्या बाजूला भिंत आहे.

"एक्याऐंशी साल," त्यानं भिंतीला सांगितलं.
"मोंकारापाशूच्या चढावर तुटली. मागे बारा पोती.
ओनोरातु भेटला, बोटी बांधायचा तो,
त्यानं फळीचा एक खिळा दिला.
म्हटलं, उद्या बदलू."

तांबं आणि लोखंड शेजारी, वरून मीठ:
बोटींच्या तळाशी मी हे रोज बघते.
तांबं तसंच राहतं.
लोखंड जातं.

आणि आई नऊ वर्षं ऐकून घेतेय
की दार तिनं आपटून आपटून बिघडवलं.

वरच्या खिडकीतून तीच ओरडली, "सापडलं का काय ते?"
बापानं माझ्याकडे पाहिलं,
पकडलेल्या मुलासारखं नाही,
दुकानात उधारी मागणाऱ्या माणसासारखं.
"गंज!" मी वर ओरडले.
किस खिशात टाकला.
खोटं नव्हतंच तसं.

दुपारी लेथवर दोन नव्या खिळी काढल्या,
पोलादी, जुळ्या,
भोकं कानसून, पुसून, शाफ्टचं पिवळं ग्रीस भरून
बसवल्या. अंगठ्यानं गेल्या आत.
अंगठ्यानं!
बाप उठून उभा राहिला,
काही बोलला नाही.

आई खाली आली तीच भोपळा घेऊन.
देओलिंदा, हाताला पीठ.
एका बोटानं दार उचललं.
ते वर गेलं, जात राहिलं, कुरकुरलंही नाही.
तिनं भोपळा ठेवला.
मग दार खाली आणलं,
दोन्ही हातांनी, इतकं हळू,
झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं इतकं,
की कुलूप लागलंच नाही.

"पुन्हा," बाप म्हणाला.
त्याचा आवाज जरा अडकला होता.
"जोरात आपट.
त्याला काही होत नाही."