उरलेला डोस

कोपरखैरण्याच्या आमच्या हॉस्पिटलात
दुसऱ्या मजल्यावर, औषधांच्या फ्रिजशेजारी
टेबल लावून बसलेय. फ्लूची लस.
यादीत एकेचाळीस नावं.

ब्रदर गोसावी म्हणाले, मला काय होतंय!
लॅबची तन्वी म्हणाली, गेल्या वर्षी टोचली नि दोन दिवस झोपले.
डॉक्टर कर्णिक जिन्यातूनच: नंतर, नंतर.
दिवसभर दुसऱ्यांच्या दंडात सुई घालणारे हात
स्वतःची बाही सरकवताना अवघडतात.

मी कुणाला बोलू?
मागच्या ऑगस्टात घसा खवखवत होता.
रजा शिल्लक नव्हती, गोळी घेऊन नाईट केली.
नऊ नंबरच्या आजोबांना पाणी पाजलं, उशी नीट केली,
मास्क हनुवटीवर.
चौथ्या दिवशी त्यांना ताप.
अकराव्या दिवशी मी नवी चादर घातली.
खोकला कुणाकडून आला
हे कुठल्याच रिपोर्टात लिहीत नाहीत.
यंदा पहिली सही माझी.

पाच वाजले. एक डोस उरला.
यमुनाबाई भोईर फरशी पुसत टेबलापर्यंत आल्या,
"पाय उचल गो सिस्टर."
आयसीयूतली बेसिनं त्याच घासतात,
पण यादीत नाहीत. त्या कंत्राटदाराच्या.

"बाही वर करा."
"माजा नाव हाय का त्यान?"

कर्णिकांच्या नावापुढे जागा कोरी होती.
तिथेच त्यांनी सही केली,
सावकाश, मोठ्या अक्षरांत, रकाना ओलांडून,
आणि दंडावरचा कापूस न सोडता
दुसऱ्या हातानं बादली उचलली.