दोन नंबरची वही

उद्यमनगरात आमच्या फौंड्रीत दोन वह्या असायच्या.
एक, साहेब तपासणीला आला की टेबलावर यायची:
अकरा नावं, पीएफ, सह्या, सगळं जागच्या जागी.
दुसरी माझ्या डब्याच्या पिशवीत,
चटणी-भाकरीच्या शेजारी.
तिला तेलाचे डाग होते आणि तीत नावं नव्हती.
‘लंबू’, ‘कोअरवाला’, ‘नवा’, ‘नव्याचा भाऊ’,
‘भट्टी, रात्र’.
मधल्या वारी उचल, शनिवारी वजाबाकी.
एकोणीस वर्षं अक्षर माझं.
माझ्या अक्षराला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

मार्चात भोंगा थांबला.
भट्टी गार पडायला तीन दिवस लागतात,
माणसं त्याआधीच पडली.
मालक फोनवर म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे.
कोअरच्या वाळूत कालवायची काकवी होती अर्धं पिंप,
दुसऱ्या आठवड्यात ती भातावर गेली.
मला वास आला होता.
मी वहीत लिहिलं नाही.
एवढंच काय ते माझं पुण्य.

पाच जण एप्रिलात चालत सुटले,
तावडे हॉटेलपासून हायवेनं.
किणी नाक्यावरनं पोलिसांनी परत लावले.
लंबूनं सायकलची ट्यूब कापून
तळपायाला बांधली होती.
दारात उभा राहून हसला,
जसा काही उशिरा कामावर आलाय.

मग मे महिन्यात फॉर्म आले. रेल्वे सुटणार होती.
जुन्या धोतराचं फडकं तोंडाला बांधून
मी फाटकात खुर्ची टाकली.
पूर्ण नाव. बापाचं नाव. गाव, ठाणं, जिल्हा.
लंबू म्हणाला, जोखन मांझी.
मी म्हणालो, काय?
त्यानं परत सांगितलं, सावकाश,
बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं.
नव्याचा भाऊ नव्याचा भाऊ नव्हताच,
एका गाडीतनं उतरले होते दोघं, एवढंच.
त्याचं नाव इस्राफिल.
आदल्या वर्षी महापुरात ह्याच पोरानं माझ्या आईला
कुंभार गल्लीतनं पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं.
तेव्हाही मी विचारलं नव्हतं.
आईनं विचारलं असणार.
नंतर कितीदा म्हणायची, इसरफील जेवला का रं?
मला वाटायचं, म्हातारी भ्रमात
कुठल्या तरी देवाचं नाव घेते.

शेवटचा रकाना: कामाचं ठिकाण, मालकाचं नाव.
मालक म्हणाले, ते मोकळं सोड.
मोकळं सोडलं तर ठाण्यातनं फॉर्म परत येतो,
म्हणून मी आडवी रेघ मारली.
तेवीस फॉर्म, तेवीस रेघा.
जोखन वाकून बघत होता.
त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती.
‘मुन्शीजी, ये क्या लिखा?’
‘कुछ नहीं.’
खरं तेच होतं.

जून सरता सरता भट्टी पेटवायचं ठरलं.
मालकांनी आधी चुना आणवला.
भट्टीमागं, पत्र्याच्या आडोशाला,
भिंतीवर कोळशाच्या रेघा निघाल्या:
चार उभ्या, त्यांवर एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
छातीपासून वर, पार वर,
लंबूचाच हात पोचेल तिथवर.
मी खुर्चीवर चढून मोजल्या.
वहीपेक्षा सदतीस दिवस जास्त भरले.
खाली उतरवेना.
आडव्या रेघा मीही मारल्या होत्या, ह्याच मापाच्या,
फक्त त्यांच्याखाली उभं कुणी नव्हतं.

चुनेवाल्यानं विचारलं, ही भिंत पण करायची काय ओ?
म्हटलं, राहू दे, शिडी पोचत नाही.
शिडी पोचत होती.

सदतीस गुणिले साडेतीनशे,
वहीच्या पुठ्ठ्यावर मांडून ठेवलंय.
गाव, ठाणं, जिल्हा मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं.
तो कागद गाडीबरोबर गेला.