वीस युनिट

भांडारकर रस्त्यावरच्या दवाखान्यात
आरशाभोवती गोल दिवे होते, मेकअपरूममध्ये असतात तसे,
आणि डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची.
कपाळाला वीस युनिट, म्हणाली,
भुवयांच्या मधे लागली तर वर पाच.
मला महावितरणचं बिल आठवलं.
हसले,
तर पेनाचं टोक रोखून ती म्हणाली,
बघा, हीच ती.

पुतणीचं लग्न मार्गशीर्षात.
शैलजावहिनींनी दिवाळीआधीच घेतलं टोचून.
आता त्यांना राग आलाय की भूक लागलीय
ते विचारावं लागतं.
तूही घे गं, म्हणतात, अल्बम जन्मभर राहतो.

दुखतं का?
मुंगी चावल्यासारखं.
आणि मग काय होतं?
काहीच होत नाही. तेच तर.
तीन-चार महिने कपाळ हलत नाही.

तीन-चार महिने, म्हणजे एक अख्खं सत्र.

सत्तावीस वर्षं मी नव्या पेठेतल्या शाळेत
ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते.
'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?'
आमच्याकडे दोन्हीला हात तेच.
प्रश्नचिन्ह भुवयांवर ठेवायचं असतं.
त्या वर गेल्या की समोरचं मूल उत्तर शोधतं,
नाही गेल्या, तर नुसतं बघत राहतं,
बाई काहीतरी सांगताहेत, सांगू देत.

आणि नाव.
मुलं नावं लिहीत बसत नाहीत हवेत,
जे दिसतं त्यावरून एक खूण पाडतात, ती कायमची.
मुख्याध्यापक म्हणजे गालावरचा तीळ,
गणिताचे सर म्हणजे पँट वर ओढणं.
माझी खूण जुबेरने पाडली, पहिलीत असताना:
एक बोट, कपाळावरून आडवं.
तो आता छापखान्यात असतो, दोन मुलींचा बाप आहे.
मधल्या कुठल्या तरी तुकडीने दुसरं बोट वाढवलं,
मला कोणी विचारलं नाही.
यंदा तीन.

विचार करून कळवते, म्हटलं डॉक्टरला.
नळ स्टॉपच्या सिग्नलला सगळ्याजणी स्कार्फात,
उघडे फक्त डोळे आणि बोटभर कपाळ.
शेजारच्या स्कूटरवरचं एक कपाळ
कुणावर तरी चिडलेलं होतं.
किती स्पष्ट चिडलेलं.

मेडिकलवाल्या ओसवालांनी तीन डब्या मांडल्या.
ही रात्रीच लावायची, वाटाण्याएवढी,
ही उन्हात जाताना,
ही, त्यांनी पुठ्ठा उलटून किंमत पाहिली, ही राहू द्या.
फरक पडतो?
ते रस्त्याकडे बघत म्हणाले, पडतो.
सहा महिन्यांनी.
थोडा.
त्या 'थोडा'चे मी सहाशे चाळीस रुपये दिले
आणि खोटं कशाला, घरी येईपर्यंत खुशीत होते.

आई साय चोळायची तोंडाला,
बोटाला उरलेली पुन्हा पातेल्यात.
मी झाकण घट्ट लावते.
डोळ्यांखाली, ओठांच्या कडांना, गळ्याला,
मग कपाळावर येते आणि हात जरा सावकाश होतो.
ही बिचारी काही पुसून टाकत नाही.
रात्रभर रेघांशेजारी बसते,
सकाळी उशीच्या अभ्र्यावर गेलेली असते.
मला तिचं हेच बरं वाटतं.

सोमवारी घाईत धुवायचं राहिलं.
बालवर्गात नवी आलेली समिधा,
चार वर्षांची, अजून एकही खूण न केलेली,
इतर मुलं तोंडाकडे बघतात तशी ही कपाळाकडे बघते.
मी भुवया वर नेल्या: पाणी हवंय?
तिने पुढे होऊन कपाळाला हात लावला,
बोटं नाकाशी नेली,
हुंगली.

मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालं होतं:
तीन बोटं आडवी, मग नाकाशी.
रात्री वहिनींचा फोन, घेतलंस का गं?
मी रिसीव्हर कानाला धरून
बैठकीच्या अंधारात एकटीच
माझं नवं नाव करून पाहत होते.
हॅलो, त्या म्हणत होत्या, हॅलो, ऐकू येतंय ना?